समुद्रातल्या विहिरींची वही

किनवट तालुक्यातल्या एका शाळेत पाण्यासाठी बोअर घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही तो पाहायला गेलो होतो. सकाळीच बोअरची गाडी आली, पाणाड्याने दाखवलेल्या जागी उभी राहिली आणि काम सुरू झाले. आधी काळी माती निघाली, मग मुरूम, मग काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी. दोनशे फुटांच्या आसपास भुकटीचा रंग पालटला. गुलाबी-पांढरट, चमचमणारे कण दिसू लागले. गाडीवरचा कामगार म्हणाला, "पाषाण सरला गुरुजी, आता खाली हेच लागंल." तीनशे फुटांवर गाडी थांबवली. पाणी लागले नव्हते.

गर्दी पांगल्यावर गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, याच आवारात पलीकडच्या कोपऱ्यात दहा-बारा वर्षांपूर्वी एक बोअर फेल गेला होता. तो किती खोल गेला होता? पाषाण किती फुटांवर संपला? ओल तरी लागली होती का? कोणालाच सांगता येईना. शाळेचे दप्तर पाहिले, ग्रामपंचायतीत विचारले. खर्चाची पावती मिळाली, पण खडकाबद्दल एक ओळही नव्हती. एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी गावाने दोनदा पैसे मोजले होते आणि दुसरे उत्तरही आता भुकटीबरोबर वाऱ्यावर जाणार होते.

खोदलेल्या विहिरीची नोंद कोणी ठेवायची आणि ती कोणाला पाहता आली पाहिजे, हा प्रश्न केवळ खेड्यातल्या बोअरचा नाही. देशातल्या सर्वांत महाग विहिरी समुद्रात खोदल्या जातात, तेलासाठी. तिथे नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या जातात. पण त्या पाहायला कोणाला मिळतात, या प्रश्नावर जगभर बराच विचार झाला आहे. आपल्या गावातल्या बोअरकडे पाहण्याची नवी दृष्टी त्यातून मिळते, म्हणून या वेळी समुद्रातल्या विहिरींची गोष्ट सांगत आहोत.

एक रुपयाच्या नोटेवरचे जहाज

एक रुपयाची नोट कोणाकडे असेल तर ती वर्गात आणा आणि उलट बाजू मुलांना दाखवा. समुद्रात पायांवर उभे असलेले एक यंत्र तिथे दिसेल. ते 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेला हा तरता खोदकाम-तळ १९७३ साली भारताकडे आला. ठरलेल्या ठिकाणी पोचला की तो आपले लांब पाय समुद्राच्या तळावर टेकवायचा आणि सारा तळ पाण्याच्या वर उचलून धरायचा.

तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ साली झाली. पुढे १९६४ ते १९६७ या काळात 'अकादमिक आर्खांगेल्स्की' या रशियन जहाजावरून भारतीय आणि रशियन शास्त्रज्ञांनी खंभातच्या आखाताची व लगतच्या समुद्राची पाहणी केली. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखालच्या खडकांत एक मोठा उंचवटा असल्याचे त्यांच्या लक्षात आले. भारताची समुद्रातली पहिली विहीर १९७० साली आलियाबेटाजवळ खोदली गेली. मुंबईजवळच्या त्या उंचवट्यावर 'सागर सम्राट'ने १९७४ च्या सुरुवातीला खोदकाम केले आणि फेब्रुवारीत तेल लागले. यालाच आज आपण 'मुंबई हाय' म्हणतो. मे १९७६ मध्ये तेथून तेलाचे उत्पादन सुरू झाले.

तेल लागले १९७४ साली, पण ते कोठे शोधायचे हे सांगणारी पाहणी त्याआधी सात-आठ वर्षे होऊन गेली होती. पाहणीच्या त्या नोंदी जपल्या गेल्या नसत्या तर 'सागर सम्राट'ला पाय कोठे टेकवायचे हे कसे कळले असते?

प्रतिध्वनी काय सांगतो आणि काय सांगत नाही

समुद्रातली पाहणी प्रतिध्वनीवर चालते. जहाजामागून दाबलेल्या हवेचा एक स्फोटक झोत पाण्यात सोडतात. आवाजाची लाट खाली जाते, समुद्रतळावर आदळते, काही अंशी परत येते आणि बाकीची खडकांत शिरते. प्रत्येक थराच्या सीमेवर तिचा थोडा भाग परत फिरतो. जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लांबलचक केबलमधले ध्वनिग्राहक हे प्रतिध्वनी टिपतात.

आता एक गणित करू. मुंबई हायच्या भागात पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. जाऊन-येऊन १५० मीटर, म्हणजे समुद्रतळाचा प्रतिध्वनी ०.१ सेकंदाने येईल. समजा, आणखी एक ठळक प्रतिध्वनी १.१ सेकंदाने आला. मग खडकांत जाण्या-येण्याला १ सेकंद लागला, नुसते जाण्याला अर्धा. खडकांत आवाजाचा वेग सेकंदाला २५०० मीटर धरला, तर तो थर समुद्रतळाखाली १२५० मीटरवर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून १३२५ मीटरवर आहे. पण वेग २७०० मीटर असेल तर? तोच थर १४२५ मीटरवर जातो. वेगाच्या अंदाजात थोडी चूक झाली आणि खोलीत १०० मीटरांचा फरक पडला!

तेव्हा पाहणी आपल्याला वेळ सांगते, खोली सांगत नाही. खोली कळण्यासाठी कोठेतरी एक विहीर लागते. विहिरीत निरनिराळ्या खोलीवर ध्वनिग्राहक सोडून आवाज पोचायला लागणारा वेळ मोजला की खडकांतला खरा वेग कळतो. तो कळला की आसपासच्या शेकडो चौरस किलोमीटरच्या पाहणीचा अर्थ नव्याने लावता येतो. विहिरीची नोंद एकाकडे आणि पाहणीची दुसऱ्याकडे, आणि दोघेही ती कुलपात ठेवणारे, असे असेल तर दोघांचेही ज्ञान अर्धवट राहते.

विहिरीतून काय काय निघते

समुद्रातल्या विहिरीतून तेल निघो वा न निघो, माहिती नेहमीच निघते. खोदताना वर येणारी खडकाची कच ठरावीक अंतराने गोळा करून पिशव्यांत भरतात आणि प्रत्येक पिशवीवर खोली लिहितात. महत्त्वाच्या थरांतून दंडगोलाच्या आकाराचा अखंड गाभा कापून काढतात. शिवाय तारेला बांधलेली उपकरणे विहिरीत सोडून वर ओढत आणतात. ती दर काही सेंटिमीटरला खडकाचे गुण मोजतात: नैसर्गिक किरणोत्सर्ग किती, आवाजाचा वेग किती, विजेला विरोध किती. विजेच्या विरोधाची अशी पहिली नोंद १९२७ साली फ्रान्समध्ये घेतली गेली.

या शेवटच्या मोजणीचे तत्त्व वर्गात दाखवता येते. दोन-तीन सेल, तार आणि एक एलईडी घ्या. तारेची दोन टोके मिठाच्या पाण्यात बुडवली तर दिवा लागतो, गोडेतेलात बुडवली तर लागत नाही. खडकाच्या छिद्रांत खारे पाणी असेल तर वीज सहज वाहते, तेल असेल तर अडते.

हे सारे एकत्र केले म्हणजे विहिरीची वही तयार होते. कोरड्या विहिरीची वहीसुद्धा इतकीच भरलेली असते. 'येथे तेल नाही' हे तिच्यातले एक वाक्य झाले. येथे चुनखडक किती जाड आहे, चिखलाचा खडक किती खोलीवर लागला, तळाला कोणता खडक आहे, हे बाकीचे शेकडो तपशील पुढच्या विहिरीसाठी उपयोगी पडतात.

किल्लारी, किनवट आणि मुंबई हाय

विहिरीच्या उघड्या वहीचे एक उत्तम उदाहरण मराठवाड्यातच आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल विहीर खोदली. ना पाण्यासाठी, ना तेलासाठी. जमिनीखाली काय आहे एवढेच जाणून घ्यायचे होते. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर, निघाले. त्याखाली ८ मीटर गाळाचा खडक आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकमय खडक लागला. ही माहिती शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाली. म्हणूनच तर ती आज आम्ही येथे लिहू शकतो आणि आपण वर्गात सांगू शकता.

आता आमच्या शाळेतला बोअर आठवा. काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी संपून गुलाबी चमचमणारी भुकटी आली होती. किनवटच्या परिसरात दख्खनचा पाषाण पातळ होत जातो आणि त्याखालचे जुने खडक जवळ येतात, काही ठिकाणी उघडे पडतात. किल्लारीला जी सीमा तीनशेहून अधिक मीटरवर आहे, ती आपल्याकडे बोअरच्या आटोक्यात आहे. मुंबई हायच्या तेल देणाऱ्या चुनखडकाखाली खोल गेलो, तर तेथेही तळाला काही भागांत हाच दख्खनचा पाषाण आणि काही भागांत त्याहून जुना स्फटिकमय खडक लागतो. शाळेच्या आवारात उडालेली भुकटी आणि समुद्राच्या तळाखालचा खडक यांचे नाते असे जवळचे आहे. हे नाते कळले ते वेगवेगळ्या विहिरींच्या नोंदी शेजारी ठेवता आल्या म्हणून.

वर्गात करून पाहा

एका खोक्यात रंगीत मळलेल्या कणकेचे चार-पाच थर लावा. काही ठिकाणी थर जाड, काही ठिकाणी पातळ, एखाद्या ठिकाणी मधलाच थर नाही, असे करा. वर मातीचा जाड थर देऊन सारे झाकून टाका. मुलांचे सहा गट करा. प्रत्येक गटाने एक पारदर्शक नळी एका जागी उभी खुपसून काढायची. तीच त्यांची विहीर.

पहिल्या फेरीत प्रत्येक गटाने आपली नळी लपवून ठेवायची आणि खोक्यातल्या थरांचे चित्र काढायचे. सहा गटांची सहा निराळी चित्रे होतील. दुसऱ्या फेरीत साऱ्या नळ्या एका ओळीत, आपापल्या जागेच्या क्रमाने ठेवायच्या आणि मिळून एक चित्र काढायचे. मग खोके कापून पाहा. दुसरे चित्र किती जवळ आले हे मुलांनाच दिसेल. ज्या गटाच्या नळीत मधला थर आला नव्हता, त्या गटाची 'फुकट गेलेली' नळीच थर कोठे संपतो हे सांगते.

वही कोणाची?

समुद्रतळाखालची संपत्ती कोणाची, याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २९७ नुसार ती केंद्राकडे निहित आहे, म्हणजे ती साऱ्या देशाची. सरकार आणि तेल कंपन्या यांच्यातील करारांतही सर्वेक्षणाच्या व विहिरींच्या माहितीची मालकी सरकारकडे ठेवलेली असते. मग ती सर्वांसाठी खुली का नसावी?

दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. एका विहिरीला कोट्यवधी रुपये लागतात. एकाने खर्च करायचा आणि शेजाऱ्याने दुसऱ्याच दिवशी त्याची वही वाचून शेजारची जागा धरायची, असे होऊ लागले तर खर्च करायला कोण पुढे येईल? देशाच्या सुरक्षेचाही प्रश्न असतो. म्हणून बहुतेक देशांनी मधला मार्ग काढला. खोदणाऱ्याला काही वर्षे ती माहिती स्वतःपुरती ठेवू द्यायची आणि मुदत संपली की ती खुली करायची.

नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. त्या देशाच्या समुद्रातली पहिली विहीर १९६६ साली खोदली गेली आणि ती कोरडी निघाली. मोठा साठा सापडला १९६९ साली. आज तेथील सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर त्या पहिल्या कोरड्या विहिरीसह प्रत्येक शोधविहिरीची नोंद कोणालाही पाहता येते. विहिरीची मूळ मोजमापे सामान्यतः दोन वर्षांनी खुली होतात. याचा लाभ काय झाला? १९६५ साली वाटलेल्या अगदी पहिल्या परवान्यातला काही भाग कंपनीने पुढे परत केला होता. जुन्या विहिरींच्या नोंदी आणि नव्या पाहण्या यांची सांगड घालून शोध चालू राहिला आणि २०१० साली तेथेच 'योहान स्वेरद्रुप' हे नॉर्वेच्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक सापडले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या पाण्यात पहिला शोध सुरू झाला होता, त्याच पाण्यात.

ब्रिटनने मार्च २०१९ मध्ये आपला राष्ट्रीय माहितीसाठा सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. नॉर्वेच्या 'व्होल्वे' या बंद झालेल्या तेलक्षेत्राची जवळजवळ सारी माहिती, सुमारे ४०,००० फायली, तेथील कंपनीने २०१८ साली विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी मोकळी केली. आता जगभरचे विद्यार्थी खऱ्या तेलक्षेत्राच्या खऱ्या आकड्यांवर अभ्यास करू शकतात.

आपल्याकडे हायड्रोकार्बन महासंचालनालय १९९३ साली स्थापन झाले. तेलक्षेत्रांचे भाग पाडून लिलाव करण्याची पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. भाग सरकार ठरवी आणि त्या भागापुरती माहिती कंपन्यांना मिळे. २०१६ साली धोरण बदलले आणि कोणता भाग हवा हे कंपनीनेच सुचवावे असे ठरले. पण सारी माहिती पाहिल्याशिवाय भाग निवडणार कसा? म्हणून २८ जून २०१७ रोजी राष्ट्रीय माहिती भांडार सुरू झाले. देशातील २६ गाळखोऱ्यांची, म्हणजे जेथे गाळाचे थर साचून खडक बनले अशा प्रदेशांची, माहिती त्यात एकत्र केली जाते. या २६ मध्ये मुंबईच्या समुद्रातले खोरे तर आहेच, पण दख्खनच्या पाषाणाखाली झाकलेला गाळाचा प्रदेशही आहे.

विखुरलेले कागद आणि जुन्या चुंबकीय फिती एका ठिकाणी आल्या, हे मोठे काम झाले. मात्र हे भांडार प्रामुख्याने गुंतवणूक करणाऱ्या कंपन्या नजरेसमोर ठेवून उभारलेले आहे. खेड्यातल्या शिक्षकाला किंवा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला मुंबई हायच्या एखाद्या जुन्या विहिरीची वही सहज उघडून वाचता यावी, ही मजल अजून गाठायची आहे. अर्ध्या शतकापूर्वीच्या विहिरीत व्यापारी गुपित फारसे उरत नाही, शिकण्यासारखे मात्र खूप असते. अशी मागणी शिक्षकांनी करायला हवी असे आम्हाला वाटते.

आपल्या गावची वही

मागणी करताना आपले स्वतःचे घर कसे आहे, तेही पाहू. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, तसेच केंद्रीय भूजल मंडळ, निरीक्षण विहिरींतल्या पाण्याची पातळी वर्षातून ठरावीक वेळी मोजतात. ही बरीचशी माहिती आता संगणकावर पाहता येते. पण गावोगावी शेतात आणि आवारात पडणाऱ्या बोअरच्या मानाने या निरीक्षण विहिरी फारच थोड्या. बाकीच्या बोअरची वही कोणाकडेच नसते.

किनवटमध्ये याची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. जुन्या स्फटिकमय खडकांतल्या काही खनिजांतून ते पाण्यात उतरते. पाणी अशा खडकात जितके जास्त काळ मुरते, तितके ते वाढू शकते. म्हणून उथळ आडाचे पाणी चांगले आणि शेजारच्या खोल बोअरचे वाईट, असे घडू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त असलेले पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते पुन्हा जात नाहीत. पुढे हाडांवरही परिणाम होतो.

अशा हापशाच्या पाण्याची तपासणी एकदा झालेली असते, अहवाल एखाद्या फायलीत जातो, हापशावरचा लाल रंग दोन पावसाळ्यांत उडतो आणि मुले पुन्हा तेथेच पाणी पितात. बोअर कोणत्या खडकात गेला आहे आणि तपासणीत काय निघाले, हे दोन आकडे गावात सर्वांना दिसतील असे लिहिलेले असते, तर हे टळले असते.

आम्ही सुचवतो ते काम आठवी-नववीच्या वर्गाला सहज जमण्याजोगे आहे. एक जाड वही घ्यावी. गावातल्या प्रत्येक बोअरला, हापशाला आणि विहिरीला एक क्रमांक द्यावा आणि ती जागा गावाच्या नकाशावर दाखवावी. मग रकाने पाडावेत: कधी खोदली, एकूण खोली, माती-मुरूम किती फुटांपर्यंत, पाषाण किती फुटांपर्यंत, त्याखाली काय, पाणी किती फुटांवर लागले, उन्हाळ्यात टिकते का, पाण्याची तपासणी कधी झाली व फ्लोराइड किती निघाले. फेल गेलेला बोअर वगळू नये. नवा बोअर होत असेल तेव्हा दर दहा फुटांची भुकटी लहान पिशवीत भरून तिच्यावर खोली लिहावी. समुद्रातल्या विहिरीवर हेच करतात. वहीची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत, कोणालाही मागताच पाहता येईल अशी ठेवावी.

त्या शाळेने ही वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आवारातले दोन्ही बोअर आहेत. अलीकडच्या बोअरचे रकाने भरले आहेत: पाषाण सुमारे दोनशे फुटांपर्यंत, खाली गुलाबी खडक, एकूण खोली तीनशे फूट, पाणी नाही. जुन्या बोअरपुढे मुलांनी प्रत्येक रकान्यात 'माहीत नाही' असे लिहिले आहे. पुढच्या पानांवर हे दोन शब्द जितके कमी वेळा लिहावे लागतील, तितके चांगले.